शाकारणी सर्व्हरची : मे महिन्याचं टपाल

मे अर्धा सरला की चिपळुणात दोनच चौकशा असतात: शाकारणी झाली का, म्हणजे कौलं नीट करून घेतली का, आणि आगोटीचं, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाचं, सामान भरलं का. तुमच्या टपालात मात्र या खेपेला चोराचीच धास्ती जास्त दिसते. मी इथल्या पतसंस्था, कॉलेजं आणि लोटे-परशुरामच्या एक-दोन कारखान्यांचे लिनक्स सर्व्हर सांभाळते. माझ्याकडे बंद पडून आलेली बहुतेक मशिनं विजेने, दमटपणाने नाहीतर पाण्याने गेलेली असतात. हॅकरने मारलेली थोडी. तरी दोन्हींची उत्तरं देते. आज्ञा आणि फाइलींची नावं इथे नागरीत छापली आहेत. टाइप करताना अर्थात रोमन लिपीत, आणि लहान-मोठ्या अक्षरांचा फरक पाळून.

प्रश्न : ताई, आम्ही हापूस थेट गिऱ्हाइकाला विकतो. त्यासाठी भाड्याचा सर्व्हर घेतलाय, त्यावर उबुंटू लिनक्स २४.०४. भाच्याने परवा लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, उघडून दाखवला, तर ‘फेल्ड पासवर्ड फॉर रूट’ अशा हजारो ओळी, एकाच रात्रीतल्या. आपण हॅक झालो का? ऐन हंगाम आहे हो.
– बागायतदार, देवगड

उत्तर : या ओळींवरून तरी नाही. ‘फेल्ड’ म्हणजे प्रयत्न फसला. रूट म्हणजे मशिनचा सर्वाधिकारी वापरकर्ता. तुम्ही शोधायचा शब्द आहे ‘ॲक्सेप्टेड’. व्हार, त्याच्या आत लॉग, त्याच्या आत ऑथ डॉट लॉग ही फाइल. तिच्यात ‘ग्रेप’ या शोधाच्या आज्ञेने तो शब्द शोधा. कोणत्या नावाने, कोणत्या आयपी पत्त्यावरून, पासवर्डने की किल्लीने, हे सगळं त्या ओळीतच लिहिलेलं असतं. तुम्ही आणि भाचा सोडून तिसरंच कुणी दिसलं तर मला पत्र लिहीत बसू नका, सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीला आधी फोन लावा. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनलाही.

राहिल्या त्या हजारो ओळी. पोर्ट २२, म्हणजे दुरून लॉगिन करायच्या एसएसएच सेवेचं दार, इंटरनेटवर उघडं असलेल्या कुठल्याही मशिनवर त्या येतातच. त्यामागे माणूस नसतो, प्रोग्राम असतो. तो रात्रंदिवस आयपी पत्ते पालथे घालत रूट, ॲडमिन, उबुंटू, टेस्ट, पोस्टग्रेस, रास्पबेरी पायवाल्यांसाठी ‘पाय’ अशी नावं आणि सोपे पासवर्ड टाकून बघतो. त्याला ना हापूस ठाऊक, ना देवगड.

यावर खरा इलाज एकच, पासवर्डने आत येणं बंद करायचं. भाच्याच्या लॅपटॉपवर ‘एसएसएच-कीजेन’ने ईडी२५५१९ प्रकारची किल्ली बनवा, तिला पासफ्रेज द्या, आणि ‘एसएसएच-कॉपी-आयडी’ने तिचा सार्वजनिक अर्धा भाग सर्व्हरवर पाठवा. तुमच्या लॅपटॉपची किल्ली वेगळी. एकाच किल्लीवर दोघांनी भागवू नका. भाचा उद्या पुण्याला नोकरीला लागला तर नुसती त्याची एक ओळ खोडता आली पाहिजे.

पुढची पायरी नीट वाचा, इथेच लोक फसतात. एसएसएचच्या मुख्य फाइलीत, म्हणजे एसएसएचडी अंडरस्कोर कॉन्फिगमध्ये, ‘पासवर्डऑथेंटिकेशन नो’ असं लिहायचं, सर्व्हिस रीलोड करायची आणि निवांत झोपायचं, असा रिवाज आहे. पण उबुंटूवर त्या फाइलीच्या सुरुवातीलाच ‘इन्क्लूड’ची एक ओळ असते. ती शेजारच्या, नावाच्या शेवटी ‘डॉट डी’ असलेल्या फोल्डरमधल्या फाइली आधी वाचायला लावते. भाड्याच्या सर्व्हरवर तिथे पुष्कळदा ‘५०-क्लाउड-इनिट’ नावाची फाइल बसलेली असते, आणि तिच्यात चक्क ‘यस’ लिहिलेलं असतं. एसएसएचचा नियम असा, की जे मूल्य पहिलं सापडेल ते धरायचं, नंतरचं सोडून द्यायचं. म्हणजे खाली लिहिलेलं तुमचं ‘नो’ कुणी विचारातच घेत नाही! म्हणून त्याच फोल्डरमध्ये स्वतःची एक फाइल करा, नाव ‘१०’ने सुरू होणारं आणि ‘डॉट कॉन्फ’ने संपणारं, म्हणजे ती आधी वाचली जाईल. तिच्यात पासवर्डऑथेंटिकेशन आणि केबीडीइंटरॅक्टिव्हऑथेंटिकेशन, दोन्हींपुढे ‘नो’. मग ‘एसएसएचडी’ ही आज्ञा सुडोने (म्हणजे रूटच्या अधिकाराने), उणे चिन्ह आणि मोठा टी लावून चालवा. खरोखर लागू असलेली यादी पडद्यावर येते. तिच्यात ‘नो’ दिसलं तरच काम झालं; फाइलीत काय लिहिलंय त्यावर जाऊ नका.

हे सगळं करताना आधीचं लॉगिन बंद करायचं नाही. दुसऱ्या खिडकीतून नव्याने आत येऊन बघा, आलात तरच पहिली मिटा. यूएफडब्ल्यू फायरवॉल लावाल तेव्हाही आधी ‘ओपनएसएसएच’ला परवानगी आणि मग ‘एनेबल’. उलटा क्रम झाला की आपणच बाहेर, आणि मग कंपनीच्या वेबसाइटवरचा कन्सोल शोधत फिरा. फेल२बॅन, म्हणजे वारंवार चुकणारे पत्ते अडवणारा प्रोग्राम, लावायचा तर लावा, पण ते लॉग वाचण्याजोगा राहावा म्हणून. पोर्टचा आकडा बदलण्याचा उपयोगही तेवढाच. आणि एवढं करा, ही कामं सकाळी करा, पेट्या भरायची घाई सुरू व्हायच्या आधी.

प्रश्न : आमच्या वाचनालयात डेबियन लिनक्सवर कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर आहे. गेल्या पावसात लाइट गेली-आली आणि कॉम्प्युटर सुरूच होईना. दुरुस्तीवाल्याने रॅम काढून खोडरबराने घासली, तेव्हा उठला. तेव्हापासून लाइट गेली काय काळजाचो ठोको चुकता. बॅकअप ‘आपोआप होतो’ असं बसवणारा सांगून गेला, पण कुठे होतो ते कुणालाच ठाऊक नाही.
– ग्रंथपाल, मालवण

उत्तर : होतो, तो खरंच सांगून गेला. कोहाचं डेबियनवरचं पॅकेज रोज प्रत काढतं आणि व्हार, स्पूल, कोहा या फोल्डरात ठेवतं. तुमच्या वाचनालयाच्या नावाने आत दोन फाइली दिसतील. एसक्यूएल डॉट जीझेड ही खरी संपत्ती, पुस्तकं, सभासद, देवघेव सगळं तिच्यात. टार डॉट जीझेडमध्ये मांडणीच्या फाइली. आता घोळ बघा. काही बदल केला नसेल तर तिथे दोनेक दिवसांपुरत्याच प्रती राहतात, आणि त्याही त्याच डिस्कवर. डिस्क गेली की प्रत गेली. शिवाय सोमवारी कुणी चुकून सभासदांची यादी पुसली आणि गुरुवारी लक्षात आलं, तर तोवर चांगली प्रत उरलेलीच नसते.

म्हणून रोज रात्री त्या फाइली मशिनबाहेर गेल्या पाहिजेत. मी त्यासाठी ‘रेस्टिक’ हा बॅकअपचा प्रोग्राम वापरते. ते प्रत कुलूपबंद करून ठेवतं आणि बदललेला भागच नव्याने साठवतं, त्यामुळे जागा कमी लागते. ७ दिवसांच्या, ४ आठवड्यांच्या आणि १२ महिन्यांच्या प्रती राखायला सांगा. एक यूएसबी डिस्कवर, ती कार्यवाहांच्या घरी. दुसरी मालवणच्याही बाहेर, इंटरनेटवर किंवा एखाद्या विश्वासू सभासदाच्या मुंबईतल्या घरी. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी आमच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा संगणक आणि त्याची प्रत एकाच कपाटात ठेवणाऱ्यांचं दोन्ही गेलं. रेस्टिकचा पासवर्ड कागदावर लिहून तिजोरीत ठेवा; तो हरवला तर डिस्क हातात असून काही निघत नाही.

मग एखादा जुना पीसी घ्या, त्यावर डेबियन आणि तुमच्याकडे आहे तीच कोहाची आवृत्ती टाका, आणि ‘कोहा-रिस्टोअर’ला या दोन फाइली द्या. उभं राहिलं की एखाद्या सभासदाचं नाव टाकून त्याच्याकडचं पुस्तक दिसतंय का बघा. हे पाऊस लागायच्या आधी एकदा झालंच पाहिजे. (कोहा मुळात न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ भागातल्या ग्रंथालयांसाठी लिहिलं गेलं. त्यांची जुनी प्रणाली २००० साल उजाडल्यावर चालणार नव्हती. त्या जानेवारीत कोहा सुरू झालं, आणि आज ते मालवणात आहे. फुकट मिळतं म्हणून हलकं समजणाऱ्या कमिटी-मेंबरांना हे ऐकवायला हरकत नाही.)

आता लाइट. रॅम घासल्यावर मशीन उठलं याचा अर्थ खाऱ्या हवेने संपर्काच्या पट्ट्यांवर थर धरला होता. तोच थर डिस्कच्या केबलवरही बसतो. डिस्कची तब्येत सांगणाऱ्या ‘स्मार्टसीटीएल’ला उणे ए आणि डिस्कचं नाव द्या, लांबलचक तक्ता येईल. त्यात क्रमांक ५ आणि १९७ च्या ओळींचा शेवटचा आकडा शून्याहून वाढत चालला असेल तर डिस्क म्हातारी झाली, नवी आणा. पण ५ आणि १९७ शून्यावर असून १९९ वाढत असेल, तर सहसा डिस्कचा दोष नसतो, केबल नाहीतर तिचा जोड खराब असतो. साधी साटा केबल बदलून भागतं. किनाऱ्यावर मला १९९ पुष्कळ भेटतो, आणि त्यापायी चांगल्या डिस्क भंगारात जाताना पाहिल्यात. मशिनवर प्लॅस्टिकचं कव्हर घालायची सवय असेल तर चालू असताना तरी काढा. आणि आषाढ-श्रावणात आठवडाभर सुट्टी असली तरी मधूनमधून सुरू करा. चालू मशीन स्वतःच्या उबेने कोरडं राहतं, बंद मशिनला बुरशी धरते.

यूपीएस आहे असं गृहीत धरते. तो नुसता असून पुरत नाही, त्याची यूएसबी वायर संगणकाला जोडलेली हवी. ती बहुतेक ठिकाणी खोक्यातच राहते. ‘नट’ नावाचं मुक्त सॉफ्टवेअर आहे, ते यूपीएसची बॅटरी उतरली की डेबियनला रीतसर बंद करतं. बायॉसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना उघडणाऱ्या मांडणीत, ‘वीज आल्यावर काय करायचं’ असा पर्याय असतो. मुंबईचे लोक तो ‘आपोआप सुरू’वर ठेवायला सांगतात. आपल्याकडे वादळी रात्री वीज दहा वेळा येते-जाते, तेव्हा ‘बंदच राहा’वर ठेवा आणि सकाळी हाताने सुरू करा. वाचनालय रात्री उघडं नसतं. जांभ्याच्या कातळावर अर्थिंग आधीच बेताचं. मे महिन्यात खड्डा कोरडा पडला असेल तर त्यात पाणी ओता. गडगडायला लागलं की प्लगबरोबर नेटवर्कची तांब्याची वायरही काढा. तिच्यातूनही वीज उतरते, हे पुष्कळांना मदरबोर्ड जळल्यावर कळतं.

प्रश्न : वेबसाइटवर फोटो चढत नव्हते. मित्राने फोल्डरला ‘सीएचमॉड ७७७’ करायला सांगितलं. लगेच चढले. असंच राहू दे का?
– फोटोग्राफर, वेंगुर्ला

उत्तर : नको. ७७७ म्हणजे मशिनवरच्या कुणीही वाचा, लिहा, चालवा. फोटोंचंच फोल्डर वेब सर्व्हरच्या ताब्यात द्या. डेबियन-उबुंटूवर त्याचं नाव डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा, आणि आज्ञा ‘सीएचओन’. फोल्डरांना ७५५, फाइलींना ६४४. हाच मित्र उद्या हीच आज्ञा मोठा आर लावून सगळ्या डिस्कवर चालवायला सांगेल. तेव्हा सुडो काम करायला नकार देईल, एसएसएच तुमची किल्ली नाकारेल, आणि दोघांचंही बरोबर असेल.

प्रश्न : मॅडम, ओपन सोर्स म्हणजे कुणीही कोड घालू शकतो. मग ते सुरक्षित कसं? आमचे सर म्हणतात, म्हणूनच सुरक्षित. मला पटत नाही.
– अभियांत्रिकीचा विद्यार्थी, रत्नागिरी

उत्तर : न पटणं चांगलं आहे. सरांचं अर्धं बरोबर आणि तुझं अर्धं. कोड उघडा आहे म्हणजे कुणीतरी तो वाचतोय असं नाही. इंटरनेटवरचं बोलणं कुलूपबंद करणाऱ्या ओपनएसएसएलमधली हार्टब्लीड ही चूक २०१४ च्या एप्रिलमध्ये उघड झाली. तोवर ती दोन वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती.

पण तू एक्सझेडची हकीकत वाच. एक्सझेड ही फाइली दाबून लहान करणारी लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्राम वापरतात असा तयार कोड; ती जवळजवळ प्रत्येक लिनक्सवर असते. ती सांभाळत होता एकटा माणूस, फावल्या वेळात. ‘जिया टॅन’ असं नाव लावणाऱ्या कुणीतरी दोनेक वर्षं त्याला मदत करत विश्वास कमावला, सांभाळण्याचे अधिकार मिळवले, आणि २०२४ च्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये चोरवाट घातली. तीही कशी? दुर्भावी मजकूर चाचणीच्या फाइलींत लपवलेला, आणि तो जागा करणारा तुकडा कोडच्या उघड्या भांडारात नाहीच, फक्त प्रकाशित केलेल्या गठ्ठ्यात. डेबियन आणि फेडोरा यांसारख्या वितरणांमध्ये तेव्हा एसएसएच सर्व्हर सिस्टमडी या सेवा चालवणाऱ्या प्रोग्राममार्गे ही लायब्ररी ओढून घेत होता, म्हणून खरा नेम एसएसएचवर होता.

पकडलं कुणी? आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या, पोस्टग्रेस या डेटाबेसच्या विकासकाने. तो दुसऱ्याच कामासाठी मोजमापं घेत होता. त्याच्या डेबियन सिडवर (डेबियनची सगळ्यात नवी, अजून पक्की न झालेली आवृत्ती) एसएसएच लॉगिनला साधारण अर्धा सेकंद जास्त लागत होता आणि प्रोसेसर उगाच राबत होता. हा अर्धा सेकंद त्याने सोडून दिला नाही, खणत गेला, आणि २९ मार्च २०२४ ला सगळं जाहीर केलं. कोड बंद असता तर त्याला ‘हळू चालतंय’ यापलीकडे जाताच आलं नसतं. हे सरांचं अर्धं.

तुझ्यासाठी यात कामाचं एवढंच, की डेबियन स्टेबलवर, म्हणजे पक्क्या आवृत्तीवर, हा वार पोचलाच नाही, कारण तिथे जुनी आवृत्ती होती. सर्व्हरवर सगळ्यात नवं ते सगळ्यात चांगलं, असं समजू नकोस. व्हिडिओत सांगितलं म्हणून ‘कर्ल’ने इंटरनेटवरून आणलेली स्क्रिप्ट थेट ‘बॅश’ला चालवायला पाजू नकोस, आधी फाइलीत उतरवून वाच. आणि तुला वेळ असेल, विद्यार्थ्याला असतोच, तर अशा एकट्या माणसाने चालवलेल्या एखाद्या लहान प्रकल्पाच्या चुका नोंदवायला लाग.

प्रश्न : आमचं समुद्रालगत होमस्टे आहे. जुन्या लॅपटॉपवर उबुंटू टाकून त्यात पाहुण्यांच्या आधारच्या प्रती, हिशेब, कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग असं सगळं ठेवतो. पाहुणे आले की पहिलं वायफाय मागतात. एका पाहुण्याच्या मुलाने मोबाइलवर आमचं ‘होमस्टे’ नावाचं फोल्डर उघडून दाखवलं! पासवर्ड न मागता.
– होमस्टेचालक, दिवेआगर

उत्तर : त्या पोराला एक शहाळं पाजायला हवं होतं. नेटवर्कवर फोल्डर वाटून देणाऱ्या सांबा या प्रोग्रामच्या फाइलीत त्या फोल्डरपुढे ‘गेस्ट ओके’ला ‘यस’ असणार. ते ‘नो’ करा आणि ‘एसएमबीपासडब्ल्यूडी’ने स्वतःसाठी पासवर्ड द्या. हे आजच.

नंतर राउटरमध्ये ‘गेस्ट नेटवर्क’ सुरू करा, पाहुण्यांना तेच नाव आणि तोच पासवर्ड. हल्लीच्या बहुतेक राउटरांत ही सोय असते. तिच्यामुळे पाहुण्यांना इंटरनेट मिळतं, घरातली यंत्रं दिसत नाहीत. दिसत नाहीत ना, हे स्वतःचा मोबाइल गेस्टवर घालून तपासा.

लॅपटॉपवर ‘एसएस’ ही आज्ञा द्या, उणे चिन्हापुढे टी, यू, एल, पी, एन ही अक्षरं जोडून, सुडोने. कोणता प्रोग्राम कुठे कान लावून बसलाय त्याची यादी येते. स्थानिक पत्त्याच्या रकान्याकडे बघा. १२७.०.०.१ असेल तर तो स्वतःशीच बोलतो, चिंता नाही. ०.०.०.० किंवा चौकटी कंसात दोन विसर्ग-चिन्हं असतील, तर तो नेटवर्कवरच्या कुणाशीही बोलायला तयार आहे. अशी प्रत्येक ओळ घ्या आणि ‘हे मला लागतं का’ असं स्वतःला विचारा. ४४५ म्हणजे सांबा, २२ म्हणजे एसएसएच. ओळखू न येणारं काही निघालं तर त्या प्रोग्रामचं नाव मला कळवा. कॅमेऱ्यांच्या डीव्हीआरचा, म्हणजे रेकॉर्डिंग यंत्राचा, कारखान्यातून आलेला पासवर्डही बदला. २०१६ मध्ये ‘मिराई’ या घातक प्रोग्रामने जगभरचे कॅमेरे आणि राउटर असल्याच ठरावीक पासवर्डांनी ताब्यात घेतले होते.

आधारच्या प्रतींबद्दल थोडं कडक बोलते. पाहुणा गेल्यावर त्या इतकी वर्षं कशाला हव्यात? २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे, पण कायदा बाजूला ठेवला तरी लॅपटॉप चोरीला गेला तर त्या शेकडो लोकांना काय सांगणार? पहिले आठ अंक झाकलेलं ‘मास्क्ड आधार’ मागा, मुदत ठरवा, मुदतीनंतर पुसा. ज्या ठेवायच्याच त्या वेगळ्या विभागात, लक्स या लिनक्सच्या सोयीने कुलूपबंद करून. अख्खी डिस्क कुलूपबंद करू नका असं मी तुमच्यापुरतं म्हणेन. तशी केली तर वीज जाऊन मशीन बंद पडल्यावर दर खेपेला कुणीतरी समोर बसून पासवर्ड टाकेपर्यंत काहीच सुरू होत नाही, कॅमेरेसुद्धा. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर तुमच्याकडे वीज किती दिवस नव्हती, ते मी सांगायला नको.

लॅपटॉपचं झाकण मिटलं की तो झोपतो ना? सिस्टमडीच्या लॉगिनडी डॉट कॉन्फमध्ये ‘हँडललिडस्विच’ला ‘इग्नोर’ द्या. बॅटरी कायम १०० टक्क्यांवर ठेवली तर फुगते. ‘टीएलपी’ या वीज सांभाळणाऱ्या प्रोग्रामने ८० वर थांबवता येते, लॅपटॉपमध्ये तशी सोय असेल तर. टचपॅड वर आल्यासारखा दिसला तर चार्जर काढा आणि बॅटरी बदला, वाट बघू नका.

प्रश्न : आमच्या छोट्या कंपनीच्या सर्व्हरवर ‘टॉप’मध्ये, म्हणजे चालू प्रोग्रामांच्या यादीत, केडेव्हटीएमपीएफएसआय नावाची प्रोसेस सगळा प्रोसेसर खाते. मारली की मिनिटभरात परत येते. लिनक्सला अँटिव्हायरस लागतो का?
– प्रोग्रामर, कुडाळ

उत्तर : अँटिव्हायरसचं नंतर. लिनक्स कर्नलचा केडेव्हटीएमपीएफएस नावाचा एक सज्जन धागा असतोच. ‘पीएस’मध्ये तो चौकटी कंसात दिसतो आणि प्रोसेसर जवळजवळ वापरत नाही. तुमच्याकडचा त्याच्या नावाच्या शेवटी एक ‘आय’ लावून आलेला तोतया आहे, तुमच्या विजेवर दुसऱ्यासाठी क्रिप्टो नाणी खणणारा. त्याचा साथीदार ‘किन्सिंग’ नावाने चालू असतो आणि क्रॉनमध्ये, म्हणजे वेळापत्रकानुसार आज्ञा चालवणाऱ्या सेवेत, दर मिनिटाची ओळ घातलेली असते, म्हणून तो परत येतो.

तो कोणत्या वापरकर्त्याच्या नावावर चालतोय ते बघा, तिथूनच तो शिरलाय. रेडिस हा डेटाबेस असेल तर पोर्ट ६३७९ पासवर्डविना जगाला उघडं आहे. पोस्टग्रेस असेल तर पासवर्ड फालतू होता. डॉकरच्या खोक्यात, म्हणजे वेगळं बांधून चालवलेल्या प्रोग्रामात, असेल तर पोर्ट २३७५ तपासा. आणि ‘पण यूएफडब्ल्यू तर चालू होतं’ असं म्हणणार असाल, तर डॉकर स्वतःचे नियम यूएफडब्ल्यूच्या आधी घालतो. तुम्ही डॉकरच्या आज्ञेत उणे पी लावून उघडलेलं पोर्ट यूएफडब्ल्यूने अडत नाही. पोर्टच्या आकड्याच्या आधी १२७.०.०.१ लिहायची सवय लावा.

साफसफाई करत बसू नका. तो आत काय काय ठेवून गेलाय याची खात्री तुम्हालाही देता येणार नाही, मलाही नाही. मशीन नेटवर्कवरून काढा, फक्त विदा, म्हणजे डेटा, बाहेर घ्या, प्रोग्राम एकही नाही. नवा सर्व्हर उभा करा आणि जुन्यावर असलेले सगळे पासवर्ड, किल्ल्या, टोकन बदला. अँटिव्हायरस मी विंडोजवाल्यांना पुढे जाणाऱ्या फाइली तपासायला लावते, क्लॅमएव्ही. उघडं रेडिस त्याने बंद होत नाही.

प्रश्न : १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला, तेव्हा शाळेच्या लॅबमध्ये लिनक्स मिंट टाकलं. छान चालतंय. पण इंटरनेट मोबाइलच्या डोंगलवर. सगळी मशिनं अपडेट करायची तर महिन्याचा डेटा एका दिवसात जातो. वर्षातून एकदाच अपडेट केलं तर चालेल का?
– संगणक शिक्षिका, गुहागर तालुका

उत्तर : वर्षातून एकदा नको, डेटाचंच बघू. बाई, एका मशिनवर ‘आप्ट-कॅशर-एनजी’ हा अपडेट साठवून ठेवणारा प्रोग्राम टाका, तो फुकट आहे. बाकीच्या मशिनांवर ईटीसी, आप्ट, आप्ट डॉट कॉन्फ डॉट डी या फोल्डरात एका ओळीची फाइल ठेवा, की प्रॉक्सी, म्हणजे मधला दलाल, म्हणून त्या पहिल्या मशिनचा पत्ता आणि पोर्ट ३१४२ वापर. आता कुठल्याही एका मशिनने अपडेट उतरवलं की ते पहिल्या मशिनवर जपून राहतं, बाकीचे तिथूनच घेतात. डोंगलमधून एक पॅकेज एकदाच येतं. पॅकेजवर सही असते आणि प्रत्येक मशीन ती तपासतं, त्यामुळे मध्ये हा टप्पा असला तरी भेसळीची भीती नाही.

त्या पहिल्या मशिनला राउटरमधून ठरलेला आयपी द्या, नाहीतर सुट्टीनंतर पत्ता बदलेल आणि सगळी लॅब ‘अपडेट मिळत नाही’ म्हणून बसेल. ते बंद असताना दुसरं कुणी अपडेट करू शकणार नाही, तेव्हा सकाळी आधी तेच सुरू करायचं. मिंटच्या अपडेट मॅनेजरमध्ये ‘ऑटोमेशन’खाली आपोआप अपडेट सुरू करता येतात. मुलं संध्याकाळी मशिनं बंद करतातच, त्यामुळे नवा कर्नल दुसऱ्या दिवशी आपसूक लागू होतो. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळतील. आणि डोंगल खिडकीत ठेवत असाल तर जूनपासून आत घ्या, पागोळ्यांचं पाणी उडतं.